नावं हरवलेल्या फायली

दादाने काचेवर दोनदा टिचकी मारली. एक टिचकी म्हणजे चहा, दोन म्हणजे गिऱ्हाईक. मागच्या दुरुस्तीच्या टेबलावरून मी मान वर केली.

काचेपलीकडे एक उंच तरुण उभा होता. बाहेर भुरभुर चालू होती आणि तो डोक्यापासून बुटांपर्यंत भिजला होता. अंगातलं जाकीट काढून त्याने एका लॅपटॉपभोवती गुंडाळलं होतं. तो चिंब, लॅपटॉप कोरडा ठणठणीत.

"चिमटी, ही केस तुझी," दादा म्हणाला. माझ्या हातात कायम चिमटा असतो म्हणून घरात मला हे नाव पडलंय, आणि दादा ते गिऱ्हाइकांसमोरही बिनदिक्कत वापरतो.

"चालूच होत नाहीये," तो म्हणाला.

"काय केलंत?"

"काही नाही केलं. म्हणजे..."

"सगळे असंच म्हणतात. बसा. आता खरं सांगा."

तो बसला. माझ्याकडे बघायचं टाळून त्याने टेबलावरच्या स्क्रूंकडे बघत सगळं सांगितलं. एकाच डिस्कवर दोन सिस्टिम होत्या. मशीन सुरू केलं की आधी पडदा विचारायचा, इकडे जायचंय की तिकडे? इकडे ऑफिसचे नकाशे, तिकडे आवाजाची रेकॉर्डिंग. तिकडची जागा संपत आली म्हणून रविवारी दुपारी तो दोन भागांमधली हद्द सरकवायला बसला. काम अर्ध्यावर असताना बॅटरी संपली.

"चार्जर?"

"लावला होता. भिंतीवरचं बटण... राहिलं."

"तुम्ही काम काय करता?"

"जमिनीची मोजणी. लोकांच्या हद्दी ठरवून देतो."

पुढच्या काउंटरवर दादाला खोकला आला. हसू दाबताना तो असाच खोकतो.

"नकाशांची काळजी नाही, ते ऑफिसात आहेत," मोजणीवाला म्हणाला. मग थोडं थांबून, "दुसऱ्या भागात माझ्या मावशीचा आवाज आहे."

मावशीने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि हातात एकोणीस दिवस होते. तो रोज संध्याकाळी तिच्यासमोर माइक ठेवायचा. एकोणीस दिवस, एकोणीस रेकॉर्डिंग.

"ती आता छान आहे हं," तो घाईघाईने म्हणाला. "वहीत लिहून भांडते. जिंकते पण. फक्त आवाज..."

"दुसरी प्रत?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. करायची राहून गेली, असं तो म्हणणार आणि सगळ्यांचीच राहते, असं मी म्हणणार, हे माझ्या टेबलावरचं ठरलेलं बोलणं आहे. त्या दिवशी मी थेट पुढचा प्रश्न विचारला.

"बिघडल्यावर आणखी कुठे जोडून बघितलंत?"

"डिस्क काढून ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडली. त्याने विचारलं, फॉरमॅट करू का?"

माझा चिमटा हवेत थांबला. "मग?"

"नाही म्हणालो."

"एकदा नाही म्हटलं तरी पुन्हा विचारतं."

"पुन्हा नाही म्हणालो."

"चला, नाही म्हणायला तरी जमतं तुम्हाला."

तो पहिल्यांदा हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्याहून जरा आधी मिटतो. नोंद घ्यायची काही गरज नव्हती... पण घेतली गेली.

मी त्याला समजावलं. पुस्तकाची पानं बहुधा जागेवर आहेत, फाटली आहे ती अनुक्रमणिका. कुठला भाग कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे मशीनला कळेनासं झालंय. मूळ डिस्कवर आता एक अक्षरही लिहायचं नाही. आधी तिची पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत जशीच्या तशी नक्कल, मग सगळी शोधाशोध त्या नकलेवर.

"किती वेळ लागेल?"

"सात तास. उद्या या."

"इथेच बसलो तर? मला आकडे बघत बसायची सवय आहे."

तो बसलाच. काचेवरून पाण्याचे थेंब वाकडेतिकडे उतरत होते, डिस्क झोपेत असल्यासारखी बारीक घुमत होती आणि पडद्यावरचा आकडा इतका हळू चढत होता, की दुपार कुणीतरी थांबवून धरल्यासारखी वाटत होती. तीन टक्क्यांवर त्याने त्याच्या मोजणीच्या दुर्बिणीचं वजन सांगितलं. अकरावर मी विचारलं, लोक खरंच हातभर जमिनीसाठी भांडतात का? वीसच्या पुढे केव्हातरी तो म्हणाला, "दोन शेजारी तावातावाने बोलत असतात आणि त्यांच्या मधल्या झुडपात एखादं पाखरू घरटं करून निवांत बसलेलं असतं. मला दरवेळी वाटतं, त्याला कुणाच्या बाजूला मोजू?"

"मग कुणाच्या मोजता?"

"सोडून देतो."

त्या दिवशी मी दोन स्क्रू भलत्याच भोकांत बसवले.

दुसऱ्या दिवशी नकाशांचा भाग सापडला, अगदी त्याच्या मूळ हद्दीसकट. आवाजाच्या भागाची सुरुवातही मिळाली, पण आतली फायलींची यादी चुरगळून गेली होती. तेव्हा एकच वाट उरते. आवाजाची प्रत्येक फाईल एका ठरावीक खुणेने सुरू होते. ती खूण धरून सगळी डिस्क चाळायची आणि हाताला लागेल ते उचलायचं. आवाज मिळतो, नाव मिळत नाही. तारीख नाही, क्रम नाही.

चारशे बारा फायली निघाल्या. त्यातल्या बहुतेक मशीनच्या टिंगटिंग आणि टुणटुण असणार होत्या. मावशी त्यात कुठे आहे हे एकेक ऐकूनच कळणार होतं, आणि तिचा आवाज ओळखणारा एकटा तोच.

"तुम्ही उघडा, तुम्ही ऐका," मी म्हटलं आणि माझी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

"हे काय?"

"माझा नियम आहे. गिऱ्हाइकाची फाईल उघडली की माझं तोंड भिंतीकडे. लोकांच्या मशीनमध्ये लोकांचं घर असतं."

"पण ऐकू तर येणारच."

"कानांना झाकण नसतं. त्याला माझा इलाज नाही."

टिंग. टुंग. एक शिट्टी. कुठल्याशा खेळातला स्फोट. भिंतीवर रंगाचा एक पोपडा आहे, मी त्याच्याकडे बघत होते. साठाव्या की सत्तराव्या फायलीला एकदम कुणीतरी खोलीत आलं.

"ठोंब्या, चालू झालं का हे? लाल दिवा लागला का?"

जाडसर, किंचित घोगरा आवाज, हसण्याच्या आधीपासूनच हसरा.  मग मागून नाक ओढल्याचा आवाज आला. मी न वळता टेबलावरचा कापूस मागे सरकवला. रुमाल नव्हता.

तीन दुपारी आम्ही तसे बसलो, तो पडद्याकडे आणि मी भिंतीकडे. मावशीने करपलेलं पातेलं कसं घासायचं ते सांगितलं. त्याच्या लहानपणीचा ताप सांगितला. शेजारणीची यथेच्छ निंदा केली आणि शेवटी "हे पुसून टाक हं" असं बजावलं. एका दिवशी सगळं सांगून झालं म्हणून औषधाच्या बाटलीवरची सूचना सावकाश, भाव ओतून वाचली. मी भिंतीकडे बघत हसायचे आणि मागून तो विचारायचा, "हसलात?" मी म्हणायचे, "नाही."

मावशीची सतरावी फाईल अशी सुरू झाली, "आता माझं पुरे, तुझं सांग. त्या कॉम्प्युटरवालीचं काय झालं?"

मागे खुर्ची करकरली. पण फाईल बंद झाली नाही. बहुधा त्याला बटण सापडेना.

"मावशी, बंद कर ना ते," रेकॉर्डिंगमधला तो म्हणाला.

"बंद कशाला? महिन्याला एक माऊस घेऊन येतोस. घरात सहा माऊस झालेत आणि कॉम्प्युटर एक! बोललास तरी का तिच्याशी?"

"ती काचेच्या मागे असते."

"काचेच्या मागे! डोक्याला दिवा लावून बसते म्हणे, आणि काम जमलं की स्वतःशीच मान हलवते म्हणे. एवढं सगळं बघून येतोस. अरे ठोंब्या, काचेवर टकटक करायला काय—"

आवाज थांबला. बटण सापडलं होतं.

माझे कान तापले. गालांचं काय झालं ते त्या पोपड्यालाच माहीत. बाहेर दादाचा खोकलाही बंद होता, म्हणजे तोही ऐकत होता.

"ही... सापडली," तो म्हणाला.

"हो. सतरा झाल्या."

"तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं." मी वळले नाही. "एक विचारते, खरं सांगायचं. हा लॅपटॉप मुद्दाम बिघडवलात का?"

"नाही." तो लगेच म्हणाला, आणि त्या आवाजात थट्टा अजिबात नव्हती. "माऊस आणखी शंभर घेतले असते. तिचा आवाज पणाला लावला नसता. ते माझ्या मूर्खपणाने झालं... आणि मग तुमच्याशी बोलायला मिळालं याचा आनंद झाला, त्याचीही लाज वाटते."

इतकं खरं बोलणारा माणूस माझ्या मागे बसलाय, असं मला वाटलं. खोली एकाएकी फार लहान झाली.

"सहाचे आता किती झालेत?"

"अकरा."

"बारा," बाहेरून दादा म्हणाला. "एक परत केला होता."

"दादा! तुला माहीत होतं?"

"वर्षभर. म्हटलं बघू, हा आधी बोलतो की माझा स्टॉक आधी संपतो!"

आम्ही तिघंही हसलो. हसता हसता माझी खुर्ची आपोआप फिरली, नियम बाजूला राहिला आणि मी त्याच्याकडे नीट बघितलं. तोही बघत होता.

अठरावी त्याच संध्याकाळी मिळाली. एकोणिसावी मिळेना.

चारशे बारा संपल्या. मी पुन्हा चाळण लावली, खूण बदलून बघितली, तुकडे जोडून बघितले. दुकानाची बाकी कामं दादाने ओढली. दोन दिवस मी तेवढंच केलं आणि तिसऱ्या दिवशी कळलं. हद्द सरकवताना नकाशांचा एक गठ्ठा उचलून नेमका त्या जागेवर ठेवला गेला होता. नक्कल असो की मूळ, त्याखाली आता काही नव्हतं.

जे नाही ते नाही म्हणणं, हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे.

"पुन्हा एकदा बघतेस?" त्याने विचारलं. तुम्हीचं तू झालं होतं. दोघांनीही ते दुरुस्त केलं नाही.

"चारदा बघितलं. नाहीये रे."

त्याने पडद्यावरच्या फायली बोटाने पुन्हा मोजल्या. अठराच.

"काय होतं त्यात?" मी विचारलं.

"फार काही नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवसाचं. ती नेहमी ठोंब्याच म्हणायची. त्या दिवशी मी म्हटलं, एकदा माझ्या नावाने हाक मार. जेवायला बोलावतात तशी. तिने मारली." त्याने लॅपटॉपचं झाकण हलकेच मिटलं. "बाकी अठरा आहेत. तू खूप केलंस."

तो हे मनापासून म्हणाला. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

दोन्ही सिस्टिम पुन्हा उभ्या केल्या. मशीन सुरू केलं की पडदा पूर्वीसारखा विचारू लागला, इकडे की तिकडे. अठरा फायलींच्या मी तीन प्रती केल्या. रविवारी तो म्हणाला, "घरी येशील? तिला ऐकवायचंय. आणि तिला तू हवी आहेस."

"फक्त तिला?"

"प्रश्न विचारणं हा तुझा मोठाच दोष आहे."

मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. गळ्याभोवती पातळ निळा रुमाल, मांडीवर वही. तिने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि भाच्याला बोटाने आत पिटाळलं, दूध तापवायला. मी पहिली फाईल लावली. डोळे मिटून तिने ती शेवटपर्यंत ऐकली. मग लिहिलं, "ही बाई फार बोलते."

 मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली लिहायला लागले, तशी तिने माझ्या मनगटावर चापट मारली आणि पेन काढून घेऊन लिहिलं, "मला ऐकू येतं गं. बोल. सगळे हेच करतात."

मी बोलले. एकोणिसाव्या फायलीचं सगळं सांगितलं. किती शोधलं, का मिळाली नाही आणि आता कधीच मिळणार नाही, तेसुद्धा. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग वहीवर वाकून लिहू लागली.

"त्याला वाटतं, त्याने माझी हाक हरवली. मी हाक मारली ती त्याने ऐकली, काम झालं. ती जपून ठेवायची नसते. रोज मारायची असते. आता तू मार."

"मी?"

"दूध उतू जाईल. तो आत खिडकीतून बाहेर बघत उभा असणार. लवकर."

मी त्याचं नाव कधीच घेतलं नव्हतं. दुकानात तो चिठ्ठीवरचा एक क्रमांक होता आणि माझ्या मनात मोजणीवाला. नाव मला माहीत होतं, चिठ्ठीवर स्वतः मीच लिहिलं होतं. पण माहीत असणं वेगळं... मी उठून उभी राहिले. 

मी त्याला हाक मारली. जेवायला बोलावतात तशी.

आत काहीतरी खाली पडलं. तो दारात आला, हातात सांडशी. आधी त्याने मावशीकडे बघितलं. तिने नुसतं माझ्याकडे बोट केलं.

"पुन्हा," तो म्हणाला. 

मी पुन्हा मारली. या वेळी हळू, कारण तो आता फार जवळ होता.

आत दूध फसफसत उतू गेलं. मावशीने वही मिटून खिडकीत ठेवली आणि गॅस बंद करायला ती स्वतः उठली.