गुलाबी सालीची साक्ष

"समोर दिसेल ते तोंडात टाकत जाऊ नका!" मावशींची ताकीद काकांना आठवली खरी, पण तोवर घडातला गुलाबी मणी दाताखाली फुटला होता. गोड मिट्ट, आणि वास थेट गुलाबाचा! तळघरातला वाइनचा वास अजून नाकातून गेला नाही वाटतं, असं म्हणत काकांनी आणखी दोन उडवले.

मावशी खासगी तपास करायच्या. काका त्यांचे यजमान आणि मदतनीस. मावशींच्या मते चालतीबोलती अडचण.

आज त्यांना द्राक्षमळ्याच्या मालकीणबाईंनी बोलावलं होतं. सुनेनं हौसेनं नवं वाण लावलं होतं. पहिल्याच पिकाच्या पांढऱ्या वाइनला गुलाबाचा घमघमाट सुटला आणि सुनेच्या अ‍ॅप्रनच्या खिशात गुलाबाच्या अर्काची रिकामी बाटली निघाली.

"भेसळ ठरली, तर तळघराची किल्ली सुनेकडून जावईबापूंकडे जाईल," सासूबाई म्हणाल्या. "पण उगाच लेकरावर आळ नको. खात्री करा."

सून दाराशी उभी होती. डोळे भरलेले.

"अ‍ॅप्रन कुठं असतो?" मावशींनी विचारलं.

"दाराच्या खुंटीला. येता-जाता सगळ्यांच्या हाताशी."

मावशींनी आधी धाकट्या दिराला गाठलं.

"वहिनीशी माझी रोज खडाजंगी होते," तो हसला. "पण घड मीच तोडतो. चार पोटात, एक टोपलीत!"

जावईबापू खुर्चीतून हलले नाहीत. "पांढऱ्या वाइनला कधी गुलाबाचा वास येतो? अर्कच ओतलाय!"

"ही द्राक्षं चाखलीत?"

"छे! दात आंबतात."

मावशींनी सगळ्यांना तळघराच्या दाराशी बोलावलं.

"अहो, मघाशी चोरून काय खाल्लंत?"

काका ओशाळले. "द्राक्षं. गुलाब चावल्यागत लागली."

"ऐकलंत? हे वाण पिकलं की साल गुलाबी होते, पण रस पांढराच. सुगंध सालीत असतो, आंबटपणा जेमतेम. देवानंच अत्तर भरून पाठवलंय. वर अर्क कोण ओतेल? हे ज्याला ठाऊक, तो असली बाटली खिशात ठेवणारच नाही. धाकटे दीर टोपल्या रिचवतात, त्यांना ठाऊक आहे."

"मला कुठं ठाऊक होतं?" सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरांनी गोड बंद केलंय."

"पण किल्ली तुमचीच. हवी तर मागून घ्याल, डाव कशाला रचाल? उरले, दात आंबणारे."

जावईबापूंची मान खाली गेली. "चुकलो. किल्लीचा मोह नडला."

"मग उद्यापासून सूनबाईच्या हाताखाली काम शिकायचं," सासूबाई कडाडल्या. "शब्द द्या."

"दिला."

सुनेनं डोळे पुसले आणि घडच जावईबापूंपुढं केला. "आधी चाखा तरी, भाऊजी!"

काका-मावशींना त्या दिवशी कुणी जाऊ दिलं नाही. सकाळी चहा पिताना काकांनी खिडकीतून पाहिलं. कुणालाही हाक न मारता, दाराची कडी हळूच लावून, जावईबापू सासऱ्यांचे ढगळ रबरी बूट घालून वेलींकडे निघाले होते.