इथं खाली आहे

रविवारी चार वाजता उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये शैलेंद्रभाऊंच्या घरी मैफल भरायची. मैफल म्हणजे तिघं माणसं, दोन मोठे स्पीकर आणि शैलेंद्रभाऊंच्या बायकोचा, सुमनताईंचा चहा. प्रत्येकानं एकच गाणं आणायचं. ते एकाचं गाणं दुसऱ्यानं आपल्या ढंगानं गायलेलं असावं, नाहीतर मंचावर, लोकांसमोर गायलेलं असावं. रॉक चालेल, मेटल तर धावेल. गाणं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही हा नियम शैलेंद्रभाऊंचाच, आणि पहिल्याच कडव्यात तो मोडायचेही तेच.

"वा, क्या बात है! आता बघा, आता कसा वर जातो!"

श्रीपादराव अशा वेळी चष्मा काढून पुसत बसायचे. वय सत्तर. कॉलेजच्या ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली तेहेतीस वर्षं बसूनही त्यांना कुणाला 'गप्प बसा' म्हणणं जमलं नव्हतं. आता काय जमणार?

पण या महिन्यात त्यांना शांतता हवी होती. फक्त एका क्षणाची.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी नॉर्वेच्या एका गायकाचं रेकॉर्डिंग नेलं. कुण्या बाईचं हळुवार प्रेमगीत या बाबानं घशाच्या तळातून, दगडावर दगड घासावा तसं गायलं होतं. गर्दीतल्याच कुणीतरी चोरून टिपलेलं, खरखरीत. दुसऱ्या कडव्यानंतर गिटार थांबते, हजारो माणसं श्वास धरतात, आणि त्या शांततेत अगदी जवळून एक तरुण आवाज म्हणतो, "दादा, इथं खाली आहे."

घरी त्यांनी ते चाळीसदा ऐकलं होतं. आवाज आल्हादचा होता.

आल्हाद त्यांचा धाकटा भाऊ. लहानपणी देवास गेटच्या स्टँडवर बस लागली की तो गर्दीतून घुसायचा, जागा धरायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "दादा, इथं खाली आहे!" पुढे कॉलेजात त्यानं बँड काढला आणि परदेशी गाणी छाती फाटेस्तोवर गायला लागला. एका सकाळी श्रीपादराव त्याला म्हणाले, "हे गाणं नाही, ओरडणं आहे. आणि तेही दुसऱ्याचं." दुपारी तो इंदूरच्या बसमध्ये बसताना कुणाला तरी दिसला. त्याला सदतीस वर्षं झाली. पत्र नाही, निरोप नाही. नंतर श्रीपादरावांनी ती गाणी ऐकायला घेतली, आधी अपराध्यासारखी, मग विद्यार्थ्यासारखी. आज त्यांच्याइतकी ती गाणी फ्रीगंजमध्ये कुणालाच ठाऊक नव्हती.

आणि तरी त्यांना खात्री नव्हती. आपल्याच कानाचे खेळ असतील. आयुष्यभर आपण जे जे ठामपणे म्हणालो ते चुकलंच, हा त्यांचा अनुभव होता. म्हणून दुसऱ्या कुणीतरी ते ऐकायला हवं होतं. एकानं जरी "हो, आहे" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

नेमकं त्या क्षणी शैलेंद्रभाऊ म्हणाले, "श्रीपादजी, हा काय चटणी वाटून राहिला का?" मैफलीतली तिसरी, निहारिका, खळखळून हसली. ती जागा निघून गेली. पुन्हा लावू म्हटलं, तर एकाला एकच वेळ, हा नियम मात्र कडक.

पुढच्या रविवारी त्यांनी ब्राझीलच्या एका गायिकेचा कार्यक्रम नेला. देश वेगळा, गाणं वेगळं, साल बारा वर्षांनी पुढचं. वाक्य तेच. त्या क्षणी कुकरची शिट्टी झाली.

आज तिसरा रविवार. श्रीपादरावांनी पुन्हा तेच ब्राझीलचं रेकॉर्डिंग लावलं.

"हे तर झालंय ना, काका?" निहारिका म्हणाली. ती कॉलेजात शिकवते. तिला सगळं नीट लक्षात असतं.

"झालंय. पण ऐकलं नाही कुणी."

"अरे, ऐकलं की भाई," शैलेंद्रभाऊ म्हणाले. "बाई बढिया ओरडते. पण ड्रमवाला जरा..."

"गप्प बसा!"

खोलीत एवढा मोठा आवाज कुणाचा निघाला हे श्रीपादरावांनाही क्षणभर कळलं नाही. शैलेंद्रभाऊ उघड्या तोंडानं बघत राहिले. सुमनताई ट्रे घेऊन दारातच थबकल्या.

गिटार थांबली. गर्दी थांबली.

"दादा, इथं खाली आहे."

"मराठी?" निहारिका पुढे सरकली. "ब्राझीलमध्ये? काका, हे कोण?"

श्रीपादरावांचे डोळे भरून आले. "ऐकू आलं ना तुला? सांग, आलं ना?"

"स्पष्ट आलं. कुणीतरी जागा धरलीये."

"कसली जागा?" सुमनताईंनी ट्रे ठेवला. त्या साताऱ्याच्या; उज्जैनला तीस वर्षं काढूनही इथल्या मराठीला हसायच्या. "तो तर सांगतोय, मी खाली आहे म्हणून."

"अगं, खाली म्हणजे रिकामं," शैलेंद्रभाऊ म्हणाले. "सीट खाली आहे. आम्ही असंच बोलतो."

"तुम्ही बोलता! बस खाली, घर खाली, डोकं पण खाली. अहो, मराठीत खाली म्हणजे खाली. आणि आवाज बघा ना कुठून येतोय."

निहारिकानं ती जागा पुन्हा लावली. या वेळी नियमाची आठवण कुणी काढली नाही.

घरी इतक्या वेळा ऐकूनही श्रीपादरावांच्या लक्षात आलं नव्हतं ते आता आलं. शांतता पूर्ण नव्हती. बारीक धप्‌ धप्‌ होती. हजारो पायांची चुळबुळ. ती आवाजाच्या आजूबाजूला नव्हती.

आवाजाच्या वर होती.

चहावर साय धरली.

श्रीपादरावांना भीती वाटायला हवी होती. त्यांना फक्त एवढंच वाटलं, की सदतीस वर्षं पोरगं एकटं ओरडतंय आणि आपण एकदाही ओ दिली नाही.

"आलो रे," ते हलकेच म्हणाले.

"पुढचं लावा काहीतरी," सुमनताई घाईघाईनं म्हणाल्या. "निहारिका, तुझं लाव."

निहारिकानं फोन जोडला. पोलंडचा एक गायक, गेल्याच वर्षीचा कार्यक्रम, मोकळं मैदान. तिनं सकाळी शोधला होता, असं ती म्हणाली.

ध्रुवपद आलं. मैदान गायला लागलं. त्या सगळ्या गर्दीच्या तळाशी दोन आवाज होते.

एक तरुण, छाती फाटेस्तोवर गाणारा.

दुसरा म्हातारा. अर्धी मात्रा मागे. शब्द चाचपत, लाजत, जन्मात पहिल्यांदा ओरडत असल्यासारखा.

"हा दुसरा कोण?" शैलेंद्रभाऊ पुटपुटले. "ताल सोडतोय."

"सकाळी नव्हता हा," निहारिका म्हणाली.

"ओळखीचा वाटतो गं," सुमनताई म्हणाल्या. मग त्यांनी वळून श्रीपादरावांकडे पाहिलं.

श्रीपादरावांनी सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या.

आवाज फक्त स्पीकरमधून येत राहिला.