देवदाराची मुळे

दक्षिण चीनमधील पैशान किल्ल्याच्या कड्यांवरून पहाटेचे धुके ओसरू लागले, तेव्हा पायथ्याशी पाच महिने मोर्चे लावून बसलेल्या उत्तरेकडच्या सैन्याच्या छावणीत, गळ्यात साखळी असलेला वृद्ध चित्रकार शेन युआन शाई उगाळीत होता. किल्लेदार लू चिंग हा त्याचाच पट्टशिष्य. गुरूच्या हातचे चित्र आले, तरच शत्रूने देऊ केलेले अभयवचन खरे मानून दरवाजा उघडीन, असा निरोप त्याने धाडला होता.

"काढा देवदार, गुरुजी!" सेनापती अरूग म्हणाला. "तुमच्यात ते निष्ठेचे झाड ना? आमच्या वचनाला शोभेल."

"आणि आतली आठशे माणसे?"

"दरवाजा तर उघडू द्या. तलवारींना गंज चढू लागलाय आमच्या."

शेनने कुंचला उचलला. आधी मुळे, मग खोड, हा त्याच्या शाळेचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. परंतु त्या दिवशी त्याने पिळवटलेले खोड, वाकलेल्या फांद्या आणि सुईसारखी पाने ओल्या-कोरड्या शाईत जिवंत केली, अन् मुळांच्या जागी कोरा कागद सोडला. वचनाला मूळ नाही, हे लू ओळखील; आणि अरूगला कळले तर आपली बोटे छाटली जातील, हे जाणूनच.

दुपारी दरवाजा करकरला. शेन ताडकन उभा राहिला. दरवाजा उघडत होता.

तिसऱ्या प्रहरी कत्तल थांबली, कारण मारायला कोणी उरले नव्हते. भाल्यावर लूचे मस्तक आले. सोबत ते चित्र. तळाशी खडकाला कवटाळणारी नवी मुळे होती, इतकी सुरेख की शेनलाही साधली नसती, आणि शेजारी लूचे अक्षर: 'चित्राचा अखेरचा भाग शिष्यासाठी सोडणे, हा गुरूने करावयाचा सर्वोच्च सन्मान. आज मी धन्य झालो.'

"मुळे मी मुद्दाम गाळली होती," शेन म्हणाला. "त्याला सावध करायला. फितुरी केली मी, सेनापती. मारा मला!"

अरूगने क्षणभर चित्राकडे पाहिले, आणि तो पोट धरून हसला.

"मारू? अहो, किल्ला तुम्हीच तर जिंकून दिलात! साखळी काढा रे यांची. मानाची खिलत आणा!"

शेन युआन दरबारी चित्रकार झाला. तो रेशमी खिलत घालून रस्त्याने निघाला की आया मुलांना घरात ओढून दारे लावून घेत. त्याला आणखी अकरा वर्षे आयुष्य लाभले.