उतरवणारा हात

त्या खोलीत सकाळ कशी यायची, ते आधी सांगतो. घाई करणार नाही. कारण पुढे जे घडले ते खरे आहे, आणि ते काळोखात नव्हे, अशाच साध्या उजेडात घडले.

पहिल्यांदा खिडकीच्या गजांवर एक फिकट रेघ यायची. मग ती ओघळून कामाच्या लांब बाकावर सांडायची. तिथे कानशी, पॉलिशपेपरचे तुकडे, तोंडाशी गोंद वाळलेल्या नळ्या. ऊन जरा वर आले की खिडकीसमोर टांगलेल्या विमानात शिरायचे. उजवा पंख मोडलेला होता. पण डाव्या पंखाचे पिवळे आवरण पातळ होते, आणि उजेड मागून आला की आतल्या फासळ्या एकेक करून दिसू लागायच्या. दिव्यासमोर तळहात धरला की बोटे दिसतात ना, तशा. हवेत बाल्सा लाकडाची भुकटी तरंगत असायची. इतकी हलकी, की खाली बसायचे नावच घेत नसे.

ज्या पोराची ही गोष्ट, त्याचे बाबा जाऊन वर्ष होत आले होते. भुकटी अजून बसली नव्हती.

तो पोरगा माझा आतेभाऊ. म्हणजे गोष्टीतले मामा हे माझे वडील, आणि विमान उडवताना ते दर वेळी हजर होते. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

पोरगा भारी लाजाळू. चार माणसांत तोंडातून शब्द फुटायचा नाही. मामा त्याला ‘अबोल्या’ म्हणायचे. त्याच्या बाबांचा धंदा कवळ्या बनवायचा. “अख्ख्या गावाच्या तोंडात माझं काम आहे,” असे ते म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. उरलेल्या वेळात रिमोटवर उडणारी विमाने बांधायची, पडली की पुन्हा जोडायची. या पिवळ्या विमानाच्या काचेआड त्यांनी अंगठ्याएवढा वैमानिक बसवला होता. त्याला बत्तीसच्या बत्तीस दात होते.

रविवारी सकाळी बापलेक गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर जायचे.

शिकवण्याची एक पद्धत असते. दोन रिमोट एका वायरने जोडायचे. एक शिकणाऱ्याच्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या. शिकवणाऱ्याच्या रिमोटवर एक खटका असतो. तो दाबून धरला, की विमान शिकणाऱ्याचे. सोडला, की...

टक्.

विमान परत शिकवणाऱ्याचे.

बाबा त्याच्या डाव्या खांद्यामागे उभे राहायचे. विमान उडवणे त्याला चटकन जमले. अवघड असते ते उतरवणे. विमान लांब जाताना डावे ते डावे, उजवे ते उजवे. पण तोंड फिरवून आपल्याकडे येऊ लागले, की सगळे उलटे. भल्याभल्यांची बोटे तिथे चुकतात. रिमोटवर अंगठ्याने हलवायची काडी असते, तिच्यासाठी बाबांनी एक युक्ती शिकवली होती. “जो पंख पडतोय ना, त्याच्या खाली काडी सरकव. टेकू दिल्यासारखी. बास.”

युक्ती त्याला तोंडपाठ होती.

विमान खाली यायचे. टेकण्याआधी नाक किंचित वर उचलायचे, उंबऱ्याला ठेच लागू नये म्हणून पाऊल उचलावे तसे. चाके गवताला लागायची. आणि मागून आवाज यायचा... टक्. म्हणजे बाबांनी खटका सोडला. म्हणजे झाले. पोराला तो आवाज शाबासकीसारखा वाटायचा.

“आणलंस की नाही घरी!” बाबा पाठीवर थाप मारायचे.

घरी आई शेजारणीला सांगायची, “बोलत नाही हो, पण विमान काय उतरवतो!”

आयुष्यात त्याला नेमके जमते असे एवढे एकच होते.

एका दुपारी बाबा बाकापाशी बसल्या बसल्याच गेले. बोटांवर गोंद ओला होता.

पुढे कितीतरी महिने तो मोडका पंख जोडत राहिला. फासळ्या कापल्या, घासल्या, ओवल्या. वरचे आवरण इस्त्रीने ताणून बसवावे लागते. बाबा हयात असताना त्या इस्त्रीवरून घरात रणकंदन व्हायचे. “परत माझी इस्त्री? माझ्या साड्यांवर तुमचं विमान उमटतंय!” आता आई काही न बोलता स्वतःच इस्त्री तापवून आणून द्यायची.

एवढे मात्र म्हणाली, “उडवू नकोस रे. टांगून ठेव. त्यांच्या हातचं तेवढंच राहिलंय.”

“आई, मला उतरवता येतं.”

आईने त्याच्याकडे पाहिले. काहीतरी बोलणार होती. मग इस्त्री उचलून आत गेली.

पंख जोडून झाल्यावरच्या पहिल्या रविवारी मामा बरोबर आले. पोराच्या हातात बाबांचाच रिमोट. आता वायर नव्हती, दुसरा रिमोट नव्हता. मामांनी विमानाची शेपटी धरून ठेवली. इंजिन तडतडत सुरू झाले.

“चला वैमानिकसाहेब! पाडलंत तर तुमच्या आईला तोंड तुम्ही दाखवायचं. मी परस्पर घरी जाणार.”

विमान उडाले. निळ्या आभाळात पिवळा ठिपका. किती दिवसांनी त्याला हसू आले.

मग त्याने ते वळवले. विमान तोंड फिरवून त्याच्याकडे येऊ लागले. उजेड थेट डोळ्यांत. एक पंख पडू लागला... कोणता? त्याने अंगठा दाबला. पंख आणखी पडला. त्याने आणखी जोर दिला. विमान कुशीवर वळून जमिनीकडे सुटले.

मामांची किंकाळी अर्ध्यात थांबली.

टक्.

डाव्या खांद्यामागे. अगदी जवळ.

विमान सरळ झाले. शांतपणे, काहीच घडले नसल्यासारखे. टेकण्याआधी नाक किंचित वर उचलले... आणि चाके गवतावर धावत त्याच्या पायांपाशी येऊन थांबली.

“वा रे पठ्ठ्या!” मामांच्या डोळ्यांत पाणी आले होते. “बापाचा हात आलाय तुझ्या हातात!”

त्याने खाली पाहिले.

त्याचा अंगठा अजून काडी दाबून धरून होता. चुकीच्या बाजूला. पार टोकापर्यंत.

घरी जेवताना मामांनी सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. आई ऐकत होती. मामा हात धुवायला उठले तेव्हा तिने हळूच विचारले, “आवाज आला होता का रे? खटक्याचा?”

त्याचा घास हातात राहिला.

“तुला कोणी सांगितलं?”

“आले असतील मग.” आईने डोळे पुसले नाहीत. नुसती ताटाकडे बघत राहिली. “ते मला म्हणायचे, पोरगं छान उडवतं, पण उतरताना गडबडतं. ऐन वेळी मी खटका सोडतो आणि विमान हातात घेतो. त्याला सांगू नकोस, खट्टू होईल.”

“खोटं आहे हे.”

“बाळा...”

“चाकं टेकल्यावर सोडायचे ते खटका! टेकल्यावर! मी उतरवायचो, आई. मीच!”

इतक्या मोठ्या आवाजात तो त्या घरात कधी बोलला नव्हता.

त्या दिवशी त्याने रिमोट उघडला. स्प्रिंग ढिली असेल, असे स्वतःला सांगितले. जुना खटका, आपोआप वाजत असेल. त्याने खटका मुळापासून काढून टाकला. तारा कापल्या, भोकावर चिकटपट्टी लावली. काढलेला खटका कचऱ्यात गेला.

आता आवाज यायचे कारणच नव्हते.

पुढच्या रविवारी विमान तोंड फिरवून येऊ लागले. पंख पडू लागला. त्याने अंगठा दाबला...

टक्.

विमान अलगद उतरले.

त्याच्या पुढच्या रविवारीही. आणि त्याच्याही पुढच्या. मामा टाळ्या वाजवायचे. घरी येताना वाटेत भेटेल त्याला सांगायचे. “आमचा अबोल्या! नुसतं लोणी! कापसावर कापूस ठेवावा तसं उतरवतो.” लोक कौतुकाने बघायचे, आणि तो लाजून हसायचा. उतरवताना अंगठ्यांकडे मात्र बघायचे नाही, असे त्याने ठरवून टाकले होते. मागे वळायचे नाही, हेही. एकदा मानेवर श्वास जाणवला. दमलेल्या माणसाचा. जिना चढून आल्यासारखा. त्याने मान ताठ ठेवली. बोटे जरा जास्तच जोरात हलवली, आणि मनात म्हणाला, मीच उतरवतोय.

आई दर खेपेला फाटकाशी वाट बघत उभी असायची. विमान धड आलेले पाहून तिला आनंद व्हायला हवा होता.

“आजही आला होता आवाज?”

“कसला आवाज?”

“किती दिवस त्यांना तिथे उन्हात उभं करणार आहेस?” ती म्हणाली. “जन्मभर तुझ्यामागे उभे राहिले. आता तरी बसू दे की रे त्यांना.”

तो विमान घेऊन आत निघून गेला.

शेवटच्या सकाळी तो लवकर उठला. खोलीचे दार लोटलेले होते. आतून आईचा आवाज येत होता. अगदी रोजच्या बोलण्यासारखा, कोणाला चहा थंड होतोय म्हणून सांगावे तसा.

“अहो... पुरे झालं आता. पडलं तर पडू दे. मोडलं तर मोडू दे. तुम्ही नका जाऊ आज.”

मग ती थांबली. जणू उत्तर ऐकत होती.

“हो, रडेल. मी आहे ना.”

त्याने दार ढकलले. आई बाकापाशी एकटीच होती. ऊन नुकतेच पंखात शिरले होते. तिने वाट सोडली, पण विमान खाली काढायला मदत केली नाही.

यापुढचे सांगताना माझे वडील आजही अडखळतात. चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा पुसतात. म्हणतात, त्या दिवशी मैदानावर काहीतरी कमी होते. वारा होता, पाखरे होती, इंजिनाचा आवाज होता. तरी मैदान रिकामे वाटत होते. सगळी माणसे प्रवासाला गेल्यावर घर वाटते तसे.

विमान छान उडाले. नेहमीपेक्षा उंच. मग त्याने ते वळवले.

तोंड फिरवून ते येऊ लागले. पंख पडू लागला.

जो पंख पडतोय त्याच्या खाली काडी... त्याला शब्दन्शब्द आठवत होता. बोटांना काही आठवेना. त्याने अंगठा दाबला. पंख आणखी पडला. त्याने श्वास रोखला. मान ताठ केली. डाव्या खांद्याकडे कान दिला.

वाट पाहिली...

काहीच वाजले नाही.

जमिनीवर आपटल्याचा आवाज फार मोठा नव्हता. वाळलेली काटकी पायाखाली मोडावी, एवढाच. इंजिन बंद पडले. आणि मग कसलाच आवाज उरला नाही.

मामा धावत गेले. गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करू लागले. पंखाच्या फासळ्या गवतात लांबवर उडाल्या होत्या. ते एकेक वेचून रुमालात ठेवत होते, आणि पाठमोरेच बोलत होते. कारण त्याच्या तोंडाकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती.

“होतं रे असं. एखाद्या दिवशी चुकतं माणूस. आपण परत जोडू. पण मला एक कळत नाही... आजच काय झालं? इतक्या वेळा तर उतरवलंस तू!”

तो पहिल्यांदाच मागे वळला. डाव्या खांद्यामागे गवत होते. त्यावर सकाळचे ऊन पडले होते.

बराच वेळ तो तिकडे बघत राहिला.

“मामा,” तो म्हणाला, “मी ते एकदाही उतरवलेलं नाही.”