फ्रिजमधली डबी

"लेखी माफी मागायची, आज चार वाजेपर्यंत. नाहीतर उद्यापासून कामावर यायचं नाही, असं आमचे मालक डॉक्टर म्हणतात," मावशी म्हणाल्या. "आणि माफी कशाची? हिला कुणीतरी गुंगीचं औषध पाजलं, त्याची!"

मावशी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये साफसफाई करायच्या. त्यांच्या शेजारी बसलेली चोवीस वर्षांची मुलगी तिथेच टेक्निशियन होती. टेबलापलीकडे होत्या वहिनी. खासगी तपासाची कामं घ्यायच्या आणि माणसांविषयी त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी, कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या भाऊजींच्या. पण आता सगळेच त्यांना वहिनी म्हणत. भाऊजी निवृत्त कारकून. अक्षर सुंदर, डोकं सावकाश.

"तू सांग," वहिनी मुलीला म्हणाल्या.

"मंगळवारी नवीन मशीन आलं म्हणून दुपारी छोटा कार्यक्रम होता. ज्यूसचे ग्लास फिरत होते. मी अर्धा ग्लास प्यायले. डॉक्टर भाषणाला उभे राहिले, ते आठवतंय. त्यानंतर एकदम मावशींचा चेहरा."

"स्टोअररूममधल्या जुन्या सोफ्यावर होती," मावशी म्हणाल्या. "चपला काढून बाजूला जोडीनं ठेवलेल्या. हाका मारल्या तरी डोळे उघडेना. मी आतून कडी घातली आणि हिच्या उशाशी बसले. दोनदा कुणीतरी बाहेरून मूठ फिरवली. 'कोण आहे?' म्हटलं, की पावलं लांब गेली."

भाऊजींचं पेन थांबलं. वहिनींनी नुसतं मावशींकडे बघितलं, आणि त्या बघण्यात आदर होता. तो दुर्मिळ होता.

"शुद्धीवर आल्यावर मी लघवीचा नमुना दिला," मुलगी म्हणाली. "अशी औषधं अंगातून लवकर निघून जातात, एवढं डोक्यात होतं. लेबलवर कसंबसं नाव लिहिलं."

"ते मी झाकणावर चिकटवलं," मावशी म्हणाल्या, "आणि डबी फ्रिजमध्ये ठेवून त्या खोलीला कुलूप लावलं. पाच वाजता बाहेरच्या मोठ्या लॅबचा माणूस घेऊन गेला."

"रिपोर्ट?"

"काहीच सापडलं नाही," मुलगी म्हणाली. "डॉक्टर आधी म्हणाले, मी दारू प्यायले होते. रिपोर्ट आल्यावर म्हणाले, मग नाटक केलंस."

"वा! काहीही झालं तरी चूक तुझीच, याची सोय केलीय." वहिनींनी नाक मुरडलं. "अशा वेळी नमुना कामाच्या जागी ठेवायचा नाही, सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. पण तशा अवस्थेत तुला एवढं सुचलं, हेच खूप झालं. त्या खोलीच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे, डॉक्टरांकडे, मॅनेजरकडे आणि सरांकडे," मावशी म्हणाल्या. सर म्हणजे मुख्य टेक्निशियन. सगळ्या मुलींना शिकवणारे.

मोठ्या लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येक डबीचा फोटो काढतात. मुलीनं फोन करून तो मागवला. पारदर्शक डबी, पिवळं कोरं झाकण, डबीच्या अंगावर सरळ लावलेलं लेबल.

"अक्षर माझंच आहे," मुलगी म्हणाली.

वहिनींनी फोटो बराच वेळ पाहिला. "मावशी, आत्ता इथे जे बोललात, ते लॅबमध्ये कुणाला सांगितलंय?"

"मला कोण विचारतंय?"

"छान. तू पण गप्प राहा गं. भाऊजी, चपला घाला."

लॅबचे मालक डॉक्टर आधी भेटायलाच तयार नव्हते. 'मी नको असेन तर पोलीस येतील,' असा निरोप आत गेल्यावर त्यांना वेळ मिळाला.

"मुलींनी आपली काळजी आपण घ्यावी," ते म्हणाले. "ग्लास कुणी दिला, किती प्यायली, मी कुठे बघत बसू?"

"तुम्ही भाषण करत होतात. तेव्हा कुणीच काही बघत नाही," वहिनी म्हणाल्या. "एक करा. नळाचं पाणी एका डबीत भरून, लेबलवर स्वतःचं नाव घालून द्या. स्वतःच्या हातानं हं."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून डबी भरली, झाकण लावलं, झाकणावर लेबल डकवलं.

"पाण्यात काय शोधायचंय?" बाहेर आल्यावर भाऊजींनी विचारलं.

"पाण्यात? काही नाही."

मॅनेजर गुळगुळीत माणूस होता. "वहिनी, आपली लॅब म्हणजे एक कुटुंब आहे. घरातली गोष्ट घरात राहिलेली बरी." ज्यूस त्यानंच मागवला होता, पण ट्रे कुणी फिरवला ते त्याला आठवत नव्हतं. त्याचंही लेबल झाकणावर, तेही तिरकं.

सर हातमोजे काढत समोर आले. गोड बोलणं, पांढरे केस, खिशात तीन रंगांची पेनं.

"माझ्या मुलीसारखी आहे हो ती. हल्लीच्या पोरी जेवत नाहीत, मग चक्कर येते. मी तर सगळा वेळ मशीनपाशी होतो." बोलता बोलता त्यांनी डबी भरली, पुसली, डबीच्या अंगावर लेबल लावून अंगठ्यानं सपाट केलं. भाऊजींनी तिन्ही डब्या पिशवीत टाकल्या आणि आपल्याला हमाल केल्याबद्दल तोंड वाकडं केलं.

साडेतीन वाजता वहिनींनी सगळ्यांना मशीनच्या खोलीत बोलावलं. पाचसहा टेक्निशियन मुली भिंतीला लागून उभ्या राहिल्या. डॉक्टर सारखे घड्याळ बघत होते.

"नमुना बदलला गेलाय," वहिनी म्हणाल्या.

"पुरावा?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगते. पण आधी मावशींचा दोष मान्य करते. लेबल लावताना त्यांनी एक मोठी चूक केली."

"चूक?" सर हसले. "अहो, झाकणावर लेबल लावतं का कुणी? झाकण बदललं की नमुना कुणाचा ते कळणारच नाही. अडाणी माणसाच्या हातात नमुने दिले की असंच व्हायचं!"

मावशींनी आणि मुलीनं एकमेकींकडे बघितलं. आपण काय बोलून बसलो, हे सरांना सगळ्यांत शेवटी कळलं.

"झाकणावर?" वहिनी म्हणाल्या. "मी तर चूक एवढंच म्हटलं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तो... तो फोटो..."

"हा घ्या फोटो. लेबल डबीच्या अंगावर आहे. झाकणावर ते होतं फक्त फ्रिजमध्ये, पाचच्या आधी. ते पाहणारा आणि हलवणारा माणूस एकच." वहिनी डॉक्टरांकडे वळल्या. "जुनं झाकण दुसऱ्या डबीवर बसवलं असतं तरी यांचं भागलं असतं. पण चुकीच्या जागचं लेबल बघवेना. नमुना खोटा, पण लेबल मात्र नियमाप्रमाणे! किल्लीवाल्यांपैकी ही सवय कुणाला, ते त्या पाण्याच्या डब्यांनी सांगितलं. तुम्ही आणि मॅनेजर, दोघांनीही झाकणावरच लावलंत."

"म्हणजे पाण्यात खरंच काही नव्हतं," भाऊजी पुटपुटले.

"एका लेबलावरून माणसाला बदनाम करता?" सरांचा आवाज चिरका झाला. "तिनं कधी नाही म्हटलं?"

"शुद्ध नसलेला माणूस नाही म्हणत नाही, आणि हो पण म्हणत नाही. साधी गोष्ट आहे, पण तुम्हाला कळत नव्हती असं नाही. कळत होती म्हणूनच तर औषध लागलं." वहिनींनी त्यांच्याकडे पायपुसण्याकडे बघावं तसं बघितलं. "शी!"

डॉक्टरांनी घसा साफ केला. "झालं ते वाईटच. पण हे बाहेर जायला नको. लॅबचं नाव आहे. ती माफी राहू दे, उद्यापासून ये तू."

मुलगी पुढे आली. तिनं हातात फोन घट्ट धरलेला होता.

"मी पोलिसांना फोन केलाय, डॉक्टर. ते निघालेत. आणि माफी मी मागणारच नव्हते."

यात आपण नव्हतोच अशा चेहऱ्यानं मॅनेजर दाराकडे सरकला. भाऊजी आयुष्यात पहिल्यांदा चपळ झाले आणि दारात जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात भिंतीपाशी उभी असलेली एक सडपातळ मुलगी रडायला लागली. मावशी तिच्याजवळ गेल्या.

"मला पण चक्कर आली होती," ती म्हणाली. "मागच्या वर्षी, सरांच्या वाढदिवसाला. उठले तेव्हा त्याच सोफ्यावर होते. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. मी कुणाला बोललेच नाही."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?" मावशींनी तिला जवळ घेतलं.

"तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात, मावशी."