लालटेन, मुक्काम कळंब

कळंबच्या अलीकडे, यवतमाळ रस्त्याला लागून, बांधकाम खात्याचं एक जुनं विश्रामगृह होतं. दोन खोल्या, पुढे कौलारू ओसरी, आवारात एक मोठी चिंच आणि एक विहीर. विहिरीला पाणी होतं, पण रहाट सात वर्षांपासून दुरुस्तीच्या प्रस्तावात अडकला होता. मुक्कामाला येणारे साहेबलोक चिंतामणीच्या दर्शनाला येत आणि रजिस्टरात ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात ‘पूल पाहणी’ असं लिहीत. त्या पुलाची जितकी पाहणी झाली तितकी त्याच्यावरून वाहतूक झाली नसेल.

चौकीदार होता सेवादास राठोड, जवळच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा मुलूख पालथा घातला होता. सेवादासकडे वाहायला एक रजिस्टर उरलं होतं. दर सोमवारी तो ते पिशवीत घालून यष्टीनं यवतमाळच्या कचेरीत आणी, आणि हेडक्लार्क यज्ञेश्वर गंधे ते लाल पेन्सिलीनं तपासत.

गंध्यांची देवावर श्रद्धा होती, पण देवाचं काम तोंडी चालतं याचं त्यांना वाईट वाटे. लिहिलं ते झालं, न लिहिलं ते झालं नाही, या एका तत्त्वावर त्यांनी सत्तावीस वर्षं नोकरी केली होती. त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीकृष्ण हवाई दलात लढाऊ विमान चालवत होता. गावाला त्याचं कौतुक होतं. चौकात लोक विचारत, “गंधेसाहेब, पोराचं इमान आहे, मंग तुम्हाले तिकीट नसंल लागत?” गंधे छत्री टेकत पुढे जात.

श्रीकृष्णाची पत्रं लांबलचक असत आणि त्यांत विमानांबद्दल काही नसे. ते लिहायला मनाई होती. त्याऐवजी तो स्क्वाड्रनमधल्या टोपणनावांबद्दल लिही. तिथे नाव आपलं आपण घ्यायचं नसतं. काहीतरी मोठी फजिती करून ते कमवावं लागतं, आणि एकदा मिळालं की खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरतं.

एक पंजाबी पोरगा धावपट्टी संपल्यावरही थांबला नाही, तो उसाच्या शेतात जाऊन रुतला आणि मांडीवर पॅराशूट घेऊन टांग्यात बसून परत आला. त्याचं नाव पडलं टांगा. दुसऱ्याचं रेडिओचं बटण अडकून बसलं आणि मौसीनं पाठवलेल्या लाडवांना बुरशी कशी आली हे तो स्वतःशी पुटपुटत असताना अकरा मिनिटं सगळ्या आभाळानं ऐकलं. तो मौसी. ‘पहिल्या दिवशी राग येतो, बाबा,’ श्रीकृष्णानं लिहिलं होतं, ‘पण महिन्याभरानं कोणी खऱ्या नावानं हाक मारली तर आपण वळूनही पाहत नाही. माझंही पडलंय. पण ते घरी सांगण्यासारखं नाही.’

आई कुंदाबाईंनी ते पत्र चारदा वाचलं आणि म्हणाल्या, “मला सांगेल तो.”

पासष्टच्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली. यवतमाळात दिव्यांना, खिडक्यांना काळे कागद लागले, जणू शत्रूला दुसरीकडे काही कामच नव्हतं. सोमवारी, तेरा तारखेला, सेवादास नेहमीप्रमाणे रजिस्टर घेऊन आला. गंध्यांची लाल पेन्सिल दोन नोंदींवर थांबली.

सात तारीख, दुपारी तीन. नाव : टांगा. कोठून आले : वरून.

अकरा तारीख, दुपारी तीन. नाव : मौसी. कोठून आले : वरून.

निघण्याची वेळ दोन्हीकडे कोरी.

“सेवादास, हे काय लिहिलंस?”

“त्यायनं सांगतलं तेच लेह्यलं, साहेब. पूरं नाव इचारलं तं म्हणे एवढंच हाये.”

“आणि ‘वरून’ म्हणजे? नागपूरहून?”

“नाही साहेब. त्यायनं बोट वर केलं.”

“गाडी कोणती होती?”

“पायीच आलते. सामानसुमान काई नाही. चहा मांगला, प्याले, निजले. सकायी पाहाले गेलो तं खोली रिकामी. चादर जशीच्या तशी.”

गंध्यांना हसू आलं. श्रीकृष्णाचे मित्र रजेवर आले असतील, त्यानंच पत्ता दिला असेल आणि बापाच्या रजिस्टराची थट्टा करायची ठरली असेल. लढाई चालू असताना रजा कोण देतं, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही, कारण तो त्यांच्या खात्याचा नव्हता. पण थट्टा झाली तरी रजिस्टर सरकारी होतं. त्यांनी तिथेच कागद ओढला आणि हुकूम लिहिला : यापुढे पूर्ण नाव, हुद्दा व पत्ता दिल्याखेरीज कोणासही खोली देऊ नये, व नोंदही करू नये. खाली सही केली, जावक क्रमांक टाकला.

शनिवारी पत्र आलं. अक्षर श्रीकृष्णाचंच, पण पत्र या वेळी आखूड होतं.

‘बाबा, टांगा सात तारखेला गेला, मौसी अकराला. दोघांच्या खाटा अजून तशाच घातलेल्या आहेत. आईला सांगू नका.’

गंध्यांनी ते पत्र खिशात ठेवलं. कुंदाबाईंनी विचारलं, काय लिहिलंय. ते म्हणाले, जेवण चांगलं मिळतंय.

सोमवारी सेवादास आला तेव्हा त्यांनी त्याला बसूही दिलं नाही, आधी रजिस्टर उघडलं. आठवडा कोरा होता. गंध्यांनी श्वास सोडला.

“म्हणजे कोणी आलं नाही.”

“आलते ना एक जण. सतरा तारखेले, तीनच्या टायमाले. नाव अर्धंच सांगे. तुमचा हुकूम होता, मी खोली नाही देली.”

“मग?”

“मंग काई नाही. बरं म्हणे. चिंचेखाली जाऊन बसले.” सेवादासनं टोपी काढून पुन्हा घातली. “बसूनच हायेत, साहेब.”

“नाव काय सांगितलं?”

“लालटेन.”

हे नाव एकाही पत्रात नव्हतं. गंध्यांना आधी बरं वाटलं, मग लगेच कळलं की एकाच मुलाचं टोपणनाव पत्रांत आलेलं नाही.

मंगळवारी तार आली. श्रीकृष्ण सतरा तारखेच्या उड्डाणावरून परतलेला नाही, बेपत्ता म्हणून नोंद घेतली आहे. कुंदाबाई तार हातात धरून म्हणाल्या, “बेपत्ता म्हणजे सापडला नाही एवढंच ना? मग सापडेल.” त्या रडल्या नाहीत.

आणखी आठ दिवसांनी पोस्टमननं एक पत्र आणून टाकलं, सोळा तारखेचं. ‘आईनं पत्रातून विचारलं होतं म्हणून सांगतो,’ त्यात होतं. ‘रात्रीच्या उड्डाणात माझे आतले दिवे गेले. मी टॉर्च दातांत धरून विमान उतरवलं, आणि त्या भरात रेडिओवर बोलत राहिलो. खाली कोणाला एक अक्षर कळलं नाही. उतरून साहेबांना सलाम ठोकला तरी टॉर्च दातांतच. तेव्हापासून मी लालटेन.’

कुंदाबाई हसल्या. त्या महिन्यात पहिल्यांदा. गंधे उठून मागच्या अंगणात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

पुढच्या रविवारी ते यष्टीनं कळंबला गेले. परतीचा पाऊस पडत होता. सेवादास छत्री घेऊन पुढे झाला आणि चिंचेपासून दहा पावलांवर थांबला.

“हे इथं.”

गंध्यांना चिंच दिसली. बुंध्याशी चिखल, गळलेली पानं, मुंग्यांची एक रांग. वरून पाणी ठिबकत होतं. फक्त एका जागी, मांडी घालून बसलेल्या माणसाएवढ्या जागी, माती कोरडी होती. मुंग्यांची रांग तिथे वळसा घालून गेली होती.

“कसा आहे?” गंध्यांनी विचारलं.

“बरे हायेत. बोलत नाही जास्त. पाणी तेवढं लागते त्यायले.”

“पूर्ण नाव विचार.”

“रोज इचारतो, साहेब. म्हणतात, आठवत नाही. लालटेन एवढंच आठवते म्हणे.” सेवादासनं छत्री दुसऱ्या हातात घेतली. “तुम्ही सांगा ना पूरं नाव. तुम्हाले ठाऊक हाये. एक ओय लेहा, मी खोली उघडतो. माणूस आडवा तरी होईन.”

गंध्यांनी तोंड उघडलं. श्रीकृष्ण यज्ञेश्वर गंधे, फ्लाइंग ऑफिसर, राहणार यवतमाळ. सगळं तयार होतं. रजिस्टरही सेवादासच्या काखेत होतं.

पण टांगाची नोंद झाली होती, मौसीची झाली होती. ज्यांची झाली ते गेले. याची झाली नव्हती म्हणून हा बेपत्ता होता, आणि घरी एक बाई ‘सापडेल’ म्हणत होती.

“हुकूम आहे,” गंधे म्हणाले.

“तुमचाच हाये, साहेब.”

“म्हणूनच.”

ते पुढच्या यष्टीनं परतले. चिंतामणीचं दर्शन घेतलं, असं त्यांनी घरी सांगितलं. कुंदाबाईंनी प्रसाद मागितला. तो नव्हता.

त्यानंतर दर सोमवारी सेवादास येई, रजिस्टर टेबलावर ठेवी आणि न विचारता सांगे. पाऊस उघडला. थंडी पडली, घोंगडं नेऊन ठेवलं, घेतलं नाही. शिमग्याला तांड्यावरची पोरं नाचत आवारात आली, ती चिंचेपाशी आल्यावर आपोआप गप्प झाली. मग उन्हाळा लागला. कळंबच्या उन्हाळ्यात चिंचेची सावली दुपारी तीन वाजता बुंध्यापासून सरकते, आणि तो सावलीबरोबर सरकत नसे.

“कायाभोर पडले, साहेब. ओठ फुटले.”

“हं.”

“एक ओय फक्त.”

गंधे लाल पेन्सिलीनं तारखा तपासत. सेवादास पिशवी उचलून जाई. घरी कुंदाबाई सोमवारी संध्याकाळी विचारत, “कचेरीत काही कळलं?” सोमवारच का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. गंधे म्हणत, काही नाही. आणि ते खोटं नव्हतं. रजिस्टरात काही नव्हतं.

लढाई कधीच संपली होती. पकडलेले वैमानिक परत आले, त्यांत तो नव्हता. दुसरा उन्हाळा आला, मग तिसरा. एकदा मोठ्या साहेबांनी ‘मृत समजण्याबाबत’ असा छापील कागद पुढे केला, तेव्हा गंध्यांनी त्यात तीन त्रुटी काढल्या आणि तो परत पाठवला.

अडुसष्टच्या मे महिन्यात, वीस तारखेला, सेवादास रजिस्टर न घेता आला. असं कधी झालं नव्हतं. तो दारातच उभा राहिला.

“मी त्यायले घर सांगतलं, साहेब.”

गंध्यांच्या हातातली पेन्सिल थांबली.

“तीन उन्हाये झाले. मले नाही पाह्यल्या जात. मायं पोरगं असतं तं...” त्यानं वाक्य सोडून दिलं. “काल इचारलं त्यायले, घरी जाता का? म्हणे, कोणतं घर? म्या सांगतलं. सकायी यवतमायच्या यष्टीत बसवून देलं.”

“कोणाला विचारून?”

“कोणाले नाही. घरी जाले काय हुकूम लागते, साहेब?”

गंधे उठले. टोपी राहिली, छत्री राहिली. कचेरीतून घर पंधरा मिनिटांवर होतं. रस्त्यावर माणूस नव्हता, डांबर चपलांना चिकटत होतं.

घराचं पुढचं दार उघडं होतं. खिडक्या सगळ्या बंद, त्यांवर काळे कागद. लढाईतले कागद कुंदाबाईंनी माळ्यावर जपून ठेवले होते, ते काढून पुन्हा लावले होते.

त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा शांत होता. गंध्यांना पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू. आत्ताच डोळा लागलाय त्याचा.”

“कोणाचा?”

त्यांनी नुसतं आतल्या खोलीकडे बोट केलं.

“कुंदा. तू नाव विचारलंस?”

“स्वतःच्या पोराला कोणी नाव विचारतं का?”

गंधे पायरीवर बसले. आतून जळलेल्या रॉकेलचा वास येत होता. स्टोव्ह मात्र कोपऱ्यात थंड पडलेला होता.

“तोंड दिसलं?”

“उजेड सोसत नाही म्हणाला. म्हणून कागद लावले.” त्या रिकाम्या माठाकडे पाहत होत्या. “किती तहान हो. माठ संपला, घंगाळ संपलं. शेजारच्या शुभदाकडून दोन घागरी आणल्या, त्याही संपल्या.”

रस्त्यावरून एक सायकल गेली.

“म्हणत होता, तीन वर्षं कोणीतरी उन्हात बसवून ठेवलं. आत येऊ दिलं नाही.” त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. “मी विचारलं, कोणी रे? तर म्हणाला, बाबा घरी आले की सांगतो.”

आत खाट करकरली.