सहावी पाकळी

पेंग्विन नावाच्या आमच्या समुद्रकाठच्या गावात, चर्चच्या सभागृहात, आम्ही काही बायका गुरुवारी सकाळी शुभेच्छापत्रं बनवतो. माझ्याकडे फुलं असतात. कागदाचे पाच चौकोन घ्यायचे, प्रत्येकाची घडी घालून एकेक पाकळी करायची, पाचही बुडाशी चिकटवायच्या. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे हे काम मला लगेच जमलं.

एका गुरुवारी लॉर्ना माझी फुलं पत्रांवर लावता लावता थांबली.

"ग्लेनिस, हे सहा पाकळ्यांचं कुठून काढलंस?"

मी मोजलं. सहाच होत्या.

"एखादी जास्त लागली असेल गं."

"एखादी?" तिने माझा डबाच टेबलावर पालथा केला. "सगळी तशीच आहेत. गणिताच्या बाई, पाचापर्यंत येतं ना?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येताना समुद्रावरचा वारा गाडीला धक्के देत होता आणि मी मनात पुन्हा पुन्हा पाचापर्यंत मोजत होते. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी टेबलावर चमचे जास्त मांडायची. शेवटी मलाच विचारायची, "तुम्ही कोण?"

माझी मुलगी केरिन फोनवर म्हणाली, "आई, डॉक्टरांना नुसतं दाखवून यायला काय हरकत आहे?" तो जपून काढलेला आवाज मी ओळखला. मी आईशी त्याच आवाजात बोलायचे.

डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. मी दोनपर्यंत येऊन पोहोचले. "तुम्ही ठणठणीत आहात," ते म्हणाले. केरिन रडली. मला मात्र काहीच कळेना. दोष माझ्या डोक्यात नव्हता, मग कुठे होता?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी लॉर्नाकडे गेले. तिच्या काचेच्या व्हरांड्यात लख्ख ऊन होतं. तिने जांभळ्या कागदाचे पाच चौकोन मोजून माझ्यासमोर ठेवले आणि उरलेला कागद बाहेर गाडीत टाकून आली.

"हं, कर आता. माझी नजर आहे."

मी घड्या घातल्या. एकेक पाकळी झाली की ती मोठ्याने मोजायची. पाचवीनंतर टेबल रिकामं झालं. मी पाकळ्या चिकटवल्या आणि बूड चिमटीत दाबून धरलं.

"मोज," मी म्हणाले.

लॉर्ना मोजू लागली. पाचावर थांबली. तिने पुन्हा मोजलं.

सहा.

सगळ्या सारख्या. तोच जांभळा रंग, तशीच धारदार घडी. यातली आगंतुक कोणती, ते सांगता येत नव्हतं.

"उकल ते," लॉर्ना म्हणाली. तिची थट्टा संपली होती.

गोंद ओलाच होता. उजवी चिमूट तशीच ठेवून मी डाव्या हाताने पाकळ्या ओढून काढल्या. लॉर्नाने एकेक कागद टेबलावर सपाट केला.

पाच कागद. सहावा नव्हताच.

"बघ, पाचच आहेत," ती सुस्कारा टाकून म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

उठताना तिची नजर माझ्या उजव्या हाताकडे गेली.

"ग्लेनिस, मग तू धरलंयस काय?"

माझी चिमूट मिटलीच नव्हती. बोटांमध्ये कागदाच्या जाडीएवढी फट होती. तिच्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं.

मी बोटं जवळ आणायला गेले. ती येईनात.

मग फट थोडी रुंदावली. आत कुणीतरी सावकाश आणखी एक घडी घालत होतं.